काका निवांत आहेत

युरोपला जाणाऱ्या मराठी माणसांच्या पूर्वी दोनच जाती होत्या. टूरबरोबर गेलेले आणि मुलाकडे गेलेले. अलीकडे तिसरी निघाली आहे. ती निवांत जाते.

ही जात ओळखायला सोपी. टूरवाल्यांचा विषय निघाला की तिच्या चेहऱ्यावर करुणा दाटते. "दहा दिवसांत सात देश! अहो, ते फिरणं नव्हे, ती जनगणना." मग आवाज जरा खाली आणून, "आम्ही कुठेच गेलो नाही. इटलीत एका तळ्याकाठी घर घेतलं आणि नुसते बसून राहिलो." ऐकणाऱ्याला हे बसणं इतकं सोपं वाटतं, की पुढच्या उन्हाळ्यासाठी तोही घर शोधू लागतो. नुसतं बसायला किती राबावं लागतं, हे त्याला कुणी सांगत नाही.

या जातीचा एक अस्सल नमुना नाशिकला राहतो. वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. उमेदीची सहा वर्षं कोयनेला, पोफळीच्या वीजघरात गेली. सगळे त्यांना काका म्हणतात, तेव्हा आपणही काकाच म्हणू. काकांनी तीन आठवड्यांची इटली ठरवली ती जूनमध्ये. एप्रिल-मेमध्ये कोमो तळ्यावरच्या व्हिला कार्लोत्ताच्या बागेत अझेलिया फुलतात, असं त्यांनी वाचलं होतं. पण एप्रिल-मेमध्ये आंबे असतात, हे काकूंना वाचावं लागलं नव्हतं. ऑगस्टवर काकांनी स्वतःच फुली मारली. १५ ऑगस्टला तिकडे फेर्रागोस्तो. सम्राट ऑगस्टसच्या नावाने चालत आलेली सुट्टी. त्या सुमाराला इटालियन माणूस स्वतःच सुट्टीवर निघतो, आणि मिलानपासून तळी तासाभरावर. राहिला जून.

मग तक्ता तयार झाला. एक्सेलमध्ये. फाइलचं नाव 'निवांत अंतिम ३'. आधी गार्दा चार दिवस, मग कोमो दोन आठवडे, शेवटी विमानतळाजवळचं ओर्ता चार दिवस. बोटी हिरव्या रंगात, रेल्वे निळ्या रंगात, आणि रोज एक पिवळी पट्टी : 'दु. ४.०० ते ५.३० – काहीही न करणे'. काकूंनी विचारलं, "आणि साडेपाचनंतरही काही करावंसं वाटलं नाही तर?" काकांनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. जागा नव्हती.

मराठीत 'तळं' म्हटलं की कठड्यावर बसून खाल्लेले शेंगदाणे आठवतात. ही तळी तसली नव्हेत. आल्प्सच्या पायथ्याशी हिमनद्यांनी खरवडून काढलेल्या या दऱ्या आहेत, पाण्याने भरलेल्या. गार्दा सर्वांत मोठं, सुमारे ३७० चौरस किलोमीटरचं. कोमो क्षेत्रफळात तिसरं, १४६ चौरस किलोमीटर, पण आकार असा की माणूस दोन तंगड्या फाकून उभा आहे. एका पायाशी कोमो शहर, दुसऱ्या पायाशी लेक्को, आणि जिथे पाय फुटतात तिथे बेल्लाजिओ. खोली चारशे मीटरहून जास्त. काकांनी पहिल्याच संध्याकाळी हिशेब मांडला : कोयना धरणाची उंची १०३ मीटर, तशी तीन धरणं एकावर एक रचली तरी या पाण्यात गडप होतील आणि वर बोटी चालत राहतील. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण १९८ मीटरवर, म्हणजे तळ्याचा तळ समुद्राच्याही खाली. ही गोष्ट काकूंना तीनदा सांगून झाली. चौथ्यांदा शेजारच्या बाकावरच्या डच जोडप्याला.

काकांचं इटालियन 'प्रेगो' या एका शब्दावर उभं होतं. दार धरून उभा असलेला माणूस प्रेगो म्हणतो, आभार मानले की प्रेगो म्हणतो, वेटर वही काढून प्रेगो म्हणतो. 'या', 'बोला' आणि 'असू दे' हे तिन्ही ज्यात मावतात असा शब्द मराठीत नाही, याचं काकांना वैषम्य वाटलं. वीज मंडळात फार उपयोगी पडला असता.

पण नुसतं बसायला आलेल्या माणसाला इटलीने पहिला धक्का दिला तो कॉफीच्या गल्ल्यावर. तिथे उभ्याने कॉफी प्यायली तर एक दर, टेबलाशी बसून प्यायली तर दुसरा. तळ्याकडे तोंड करून बसलात तर तो दर आणखी लांब पोहत जातो. जेवायला बसलं की बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो वेगळे. ते पावाचे, की मेजावरच्या चादरीचे, की नुसत्या बसण्याचे, यावर काकांनी दोन संध्याकाळी विचार केला. निष्कर्ष असा, की या देशात बसायचे पैसे पडतात. तेव्हापासून निवांत बसायला आलेले काका तीन आठवडे कॉफी उभ्यानेच प्याले. काकू मात्र पालिकेच्या बाकावर बसायच्या. तो फुकट असतो, आणि तळं तेच दिसतं.

गार्दाकाठी मुक्काम मालचेसिनेला होता. इथे १७८६ मध्ये जर्मन कवी गटे आला होता. किल्ल्याचं चित्र काढत बसला, तर भोवती गाव जमलं आणि हा ऑस्ट्रियाचा हेर असणार म्हणून चौकशी सुरू झाली. तेव्हा हा किनारा व्हेनिसच्या राज्यात होता आणि सरहद्द जवळच होती. शेवटी फ्रांकफुर्टला नोकरी केलेला एक गावकरी पुढे झाला, त्याने चार खुणा विचारल्या आणि कवी सुटला. किल्ला अजून आहे, तिथे गटेची आठवणही जपली आहे. काकांनी किल्ल्याचे दोन फोटो काढले आणि मागच्या बोळातल्या विजेच्या पेटीचे नऊ. इतक्या अरुंद गल्लीत केबल कशी वळवली हे त्यांना बघायचं होतं. वरची खिडकी उघडली, एका बाईंनी काहीतरी लांबलचक विचारलं. काकांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इंडिया. इंजिनिअर. प्रेगो." खिडकी मिटली. सव्वादोनशेहून जास्त वर्षांत गाव बरंच निवळलंय.

ओर्ताचं सांगायचं तर तिथे बोलायचंच नसतं. तळ्याच्या मधोमध सान जुलिओ नावाचं इवलंसं बेट आहे, त्यावर बेनेडिक्टीन जोगिणींचा मठ, आणि मठाभोवती एक वर्तुळाकार बोळ. बोळाला नाव शांततेची वाट. जागोजाग पाट्या टांगलेल्या, त्यांवर मौनाविषयी एकेक वाक्य, अनेक भाषांत. काकांनी प्रत्येक पाटीसमोर थांबून इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचलं आणि काकूंसाठी त्याचं मराठी केलं, तेही मोठ्याने. तक्त्यात मौनाला अर्धा तास दिला होता. ते अकरा मिनिटांत पूर्ण झालं.

खरा मुक्काम कोमो तळ्यावरच्या वारेन्नाला. मिलानहून रेल्वेने जेमतेम तासाभराचं, डोंगर आणि पाणी यांच्या बेचक्यात चिकटवल्यासारखं गाव. घरं पिवळी, गेरू, विटकरी. बोळ म्हणजे पायऱ्याच. गावाबाहेर फ्युमेलात्ते नावाची नदी आहे, म्हणजे दुधाची नदी. फेसाने पांढरी होऊन डोंगरातून उसळते आणि सुमारे अडीचशे मीटरवर तळ्यात संपते. साधारण वसंतात सुरू होते, हिवाळ्याच्या तोंडाशी बंद पडते. लिओनार्दो दा विंचीनेही तिची नोंद करून ठेवली आहे. काकांनी एका सकाळी ही नदी मुखापासून उगमापर्यंत चढून पाहिली आणि तक्त्यात लिहिलं : 'नदी – पूर्ण'. नर्मदा परिक्रमेचं नाव काढलं की हल्ली ते जरा हसतात.

या तळ्यावर वाऱ्यालाही वेळापत्रक आहे, हे कळल्यावर काकांना हे गाव आपलं वाटू लागलं. पहाटे-सकाळी उत्तरेकडून येतो तो तिव्हानो. दुपार कलली की दक्षिणेकडून येते ती ब्रेव्हा. शिडाच्या होड्या या दोघांच्या भरवशावर चालत आल्या. काका गॅलरीत घड्याळ घेऊन उभे राहायचे. "ब्रेव्हा आज बारा मिनिटं लेट." आतून काकू म्हणायच्या, "तिला कारणे दाखवा नोटीस काढा."

काकूंचं निवांत असणं वेगळ्या रीतीचं. त्या वेंगुर्ल्याच्या. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण बाईंनी त्यांना एक पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत चपटे केलेले मासे, मधेमधे पानं. हे मिस्सोल्तीनी. आगोने नावाचा तळ्यातला मासा. तो मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवतात, मग तमालपत्रासारखी लॉरेलची पानं घालून डब्यात थरावर थर दाबून ठेवतात. खाताना निखाऱ्यावर जरा भाजायचा, वर व्हिनेगर, सोबत पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं पिठलंच. काकूंनी वास घेतला आणि डोळे मिटले. "अहो, हे आपलं सुकं!" पुढचे अकरा दिवस त्या बाई मराठी बोलत नव्हत्या आणि काकू इटालियन, पण दोघींचं चालू होतं. कोकमाची चार आमसुलं गेली, एक डबा आला. तक्त्यात याला रंगच नव्हता.

एकमेकांशी जमतंय असं वाटणारे नवरा-बायको एकच जागा कशी पाहतात, हे बघायला लेन्नोजवळच्या व्हिला देल बाल्बिआनेल्लोला जावं. पाण्यात घुसलेल्या टेकडीच्या टोकावर ही हवेली. काकूंना तिथे जायचं होतं, कारण नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका आणि रणवीरचं लग्न इथे झालं. काकांना जायचं होतं, कारण शेवटचा मालक ग्विदो मोन्झिनो याने १९७३ मध्ये इटलीची पहिली एव्हरेस्ट मोहीम नेली होती आणि त्याच्या मोहिमांचं सामान वर मांडून ठेवलंय. काकू सज्जातल्या कमानीखाली उभ्या राहून हार कुठे घातले असतील याचा अंदाज घेत होत्या. काका स्लेजच्या दोऱ्या मोजत होते. दोघांनी एकमेकांना बोलावलं. कुणीच आलं नाही.

निवांत जाणाऱ्यांचा मूळपुरुष इथलाच. रोमन लेखक धाकटा प्लिनी कोमोचा. त्याची या तळ्यावर बरीच घरं होती. त्यांतल्या लाडक्या दोहोंची नावं त्याने ठेवली होती शोकांतिका आणि सुखांतिका. एक खडकावर उंच, नटाच्या जाड तळव्यांच्या बुटांवर चढल्यासारखं. दुसरं काठाशी, सपाता घातल्यासारखं. खालच्या घरात अंथरुणावरून गळ टाकता येतो, असं त्याने मित्राला लिहून कळवलं. एकोणीसशे वर्षं झाली. सुट्टीवर गेलेला माणूस अजूनही मासे कमी पकडतो आणि कळवतो जास्त.

कोमो शहराला तक्त्यात पाऊण दिवस होता : डोंगरावर ब्रुनातेला जाणारी १८९४ सालची दोराची गाडी, रेशमाची दुकानं, आणि 'व्होल्टा – ४५ मि.' अलेस्सांद्रो व्होल्टा इथला, जन्म १७४५. त्याच्या स्मरणार्थ तळ्याच्या काठावर एक पांढरं घुमटवालं देवळासारखं संग्रहालय आहे, १९२८ मध्ये उघडलेलं. लिरा चालत होती तेव्हा दहा हजारांच्या नोटेवर एका बाजूला व्होल्टा आणि दुसऱ्या बाजूला हीच इमारत असे. आत त्याची उपकरणं. जस्त आणि तांब्याच्या चकत्यांची उतरंड, मधेमधे खारवलेल्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या : जगातली पहिली बॅटरी, १७९९. ज्याच्या नावाने छत्तीस वर्षं पगार घेतला, त्याच्यासमोर काका उभे राहिले. वाचलं नाही, मोजलं नाही, फोटो काढला नाही. काकू बाहेर आइस्क्रीम संपवून आल्या, पुन्हा बाहेर गेल्या, एक पत्र्याची बोट येऊन गेली, दुसरी आली. दोन तास झाले. ब्रुनातेची गाडी राहिली ती राहिलीच.

शेवटच्या रविवारी वारेन्नाच्या धक्क्यावर नेहमीचा गोंधळ होता. इथे बोटी तीन जातींच्या : गावोगाव थांबत जाणारी बात्तेल्लो, जलद जाणारी रापिदो, आणि मोटारी वाहणारी त्रागेत्तो. कोमोहून बेल्लाजिओला बात्तेल्लोने गेलं तर दोन तास, रापिदोने त्याच्या निम्म्याहून कमी. आणि एकीचं तिकीट घेऊन दुसरीत चढणारे रोज शंभर. काकांना दोन आठवड्यांत पत्रक पाठ झालं होतं. आधी त्या डच जोडप्याने विचारलं, मग एका कोरियन मुलीने, मग एका अमेरिकन कुटुंबाने. अकराच्या सुमाराला काका खांबाशी पाठ लावून, हातात घडी घातलेलं पत्रक घेऊन, चौकशीची खिडकी झाले होते. दोर टाकणारा खलाशी जाता-येता त्यांना 'कापो' म्हणू लागला. कापो म्हणजे साहेब. निवृत्तीनंतर हा शब्द काकांच्या कानावर पडला नव्हता. त्या दिवशी पिवळी पट्टी नुसतीच येऊन जाणार होती.

साडेतीनला रंगीत टोप्या घातलेला घोळका उतरला. टूरवाले. मराठी. एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगदी लवासा!"

"लवासा पोर्तोफिनोवरून," काका म्हणाले. "ते समुद्रावर आहे."

"अय्या, काका तुम्ही आपले? इथे बघण्यासारखं काय आहे हो? आम्हाला एकच तास दिलाय."

काकांच्या चेहऱ्यावर ती करुणा दाटली. "इथे काही बघायचं नसतं," ते म्हणाले. "नुसतं बसायचं. तिथे डावीकडे बाक आहे, आमची मंडळी बसलीय, तिच्या शेजारी बसा." मग घड्याळाकडे पाहून, "पण चार सतराला उठा. चार तेवीसची त्रागेत्तो पकडा, रापिदोत चढू नका, तिचं तिकीट वेगळं. आणि उजव्या बाजूला उभ्या राहा. डावीकडे ऊन."

बाकावर काकूंनी थोडं सरकून जागा केली आणि मांडीवरचा पत्र्याचा डबा उघडला.