डब्यातला ऐवज

आमच्या डोंबिवलीच्या घरात सगळ्यात जास्त जागा ज्या वस्तूत आहे, ती स्वतः जेमतेम वीतभर उंच आहे. टीव्हीशेजारी, राउटरला खेटून, दोन हिरवे दिवे मिचकावत ती बसलेली असते. घरभराचे फोटो आणि फाइली साठवणाऱ्या या यंत्राला दुकानदार ‘नॅस’ म्हणतात, घरात त्याचं नाव ‘डबा’. आईनं तो आला त्याच आठवड्यात त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. पूर्वी रेडिओवर असायचा, मग टीव्हीवर आला, टीव्ही भिंतीला चिकटून पातळ झाल्यापासून बिचारा बेकार होता. ‘‘अगं आई, आत डिस्क तापतात, त्याला हवा लागते,’’ असं मी सांगितलं. तिनं रुमाल काढला नाही, चौघडी करून अर्ध्या डब्यावर ठेवला. तेव्हापासून डब्याची डावी बाजू संसारी आणि उजवी तंत्रज्ञानाची, अशी वाटणी चालत आली आहे.

आत दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क, आणि दोन्हींवर अगदी तेच. एकीवर जे उमटेल ते दुसरीवरही उमटतं, म्हणून याला आरसा म्हणतात. मूळ विचार बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेल्या निबंधाच्या घराण्यातला. एक भलीमोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक घ्या, त्या मरणार हे धरूनच चाला, आणि एखादी गेली तरी घरच्यांना कळू नये अशी सोय करून ठेवा. इतका शांतपणे मृत्यू गृहीत धरणारं दुसरं घरगुती यंत्र मी पाहिलेलं नाही. मिक्सरच्या पुस्तिकेत असलं काही लिहिलेलं नसतं.

तर हा डबा भरत आला. रोज सकाळी तो मला निरोप पाठवू लागला, की जागा संपत आली आहे, अनावश्यक फाइली काढून टाका. अनावश्यक! एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं खरंच निवडायला बसलो. ‘दिवाळी’ नावाचं फोल्डर, त्यात ‘दिवाळी नवीन’, त्याच्या पोटात ‘दिवाळी सगळे’. एकाच रांगोळीचे एकाच कोनातून काढलेले फोटो, फरक एवढाच की एकात मुलाचा अंगठा रंगात पडायचा आहे आणि पुढच्यात पडलेला आहे. मी एक बिनमहत्त्वाचा, हललेला फोटो निवडून कळीवर बोट ठेवलं, तर बायको म्हणाली, ‘‘थांब, हा राहू दे. यात आपला जुना पडदा दिसतोय.’’

त्या पडद्यापाशी माझी छाटणी संपली. कारण ती म्हणाली ते खरं होतं. फोटो रांगोळीचा होता, पण तो ठेवायचं कारण मागच्या कोपऱ्यात उभं होतं, आणि ते काढताना कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सासूबाईंचा मोदक करतानाचा एक व्हिडिओ आहे. घेणाऱ्याचं सगळं लक्ष मोदकावर. उकडीची पारी बोटांत फिरते, तांदळाच्या पिठीत बुडालेला अंगठा आणि तर्जनी एकेक कळी चिमटत जातात, मग तळवा सगळ्या कळ्या एकत्र आणून वर नाक काढतो. मधेच बांगड्या वाजतात, आणि कॅमेऱ्याबाहेरून त्या कोणाला तरी सांगतात, ‘‘गॅस बारीक कर गं.’’ चेहरा कुठेही नाही. मोदक शिकावेत म्हणून हा व्हिडिओ घेतला होता. मोदक आमच्यापैकी कोणालाच आले नाहीत. आता तो लागतो, तेव्हा ‘गॅस बारीक कर’ ऐकण्यासाठी लागतो.

मग काय, डिस्कच मोठ्या घ्यायच्या ठरल्या. लॅमिंग्टन रोडला गेलो. त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं विचारलं तर तिथला दुकानदार गोंधळून तुमच्याकडे बघतो. आमच्या म्हाताऱ्या डब्याला झेपणाऱ्या डिस्कांच्या यादीत सगळ्यात मोठी ८ टीबीची. ‘‘कॅमेऱ्यासाठी का घरासाठी?’’ दुकानदारानं विचारलं. कॅमेरा म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा. त्याच्या डिस्क वेगळ्या असतात, दिवसरात्र लिहीत राहणाऱ्या. घरासाठी म्हटल्यावर त्यानं एक उचलली आणि खात्रीनं सांगितलं, ‘‘ही घ्या, ही कौलांची नाही.’’

हे मला फार आवडलं. डिस्कवरचे पट्टे जागा वाचवण्यासाठी एकमेकांवर थोडे चढवून लिहायचे, अशी एक रीत आहे. जागा वाचते, पण मधला एक पट्टा पुसून लिहायचा तर त्याच्यावर चढलेले शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि आरसा नव्यानं भरताना असली डिस्क रडकुंडीला येते. आमच्या आजोळी पावसाआधी घर शाकारायचे, तेव्हा असंच व्हायचं. फुटलेलं कौल एक, पण ते बदलायला वरची चार हलवावी लागत, आणि त्यातलं एक हमखास तिथेच फुटे. आजोबा खालून ओरडत, वरचा माणूस मुळीच ऐकत नसे, आणि सगळं झाल्यावर दुपारी माकडं येत.

आयबीएमनं १९५६ साली पहिली डिस्क आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि एवढ्या लवाजम्यात मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरं. जुन्या पडद्याचा तो फोटोसुद्धा त्यात कसाबसाच बसला असता. मी मात्र ८ टीबीच्या दोन डिस्क खांद्याच्या पिशवीत घालून, गर्दीच्या लोकलमध्ये पिशवी पोटाशी धरून घरी आणल्या.

बदलायची रीत सोपी आहे आणि भीती वाटावी अशी आहे. एक जुनी डिस्क काढायची, तिच्या जागी नवी सरकवायची. डबा केकाटायला लागतो. (‘‘काय झालं त्याला?’’ आई आतून.) मग उरलेली जुनी डिस्क नवीला सगळं सांगायला बसते. तेवढा वेळ साऱ्या घराचा भार तिच्या एकटीवर. जोडीदारीण गेलेली, नवी अजून कोरी, आणि तिचं स्वतःचंही वय झालेलं. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे दिवसाला ७७ लाखांच्या वर, आणि हे इतकी वर्षं. रात्री दिवे मालवले तरी तिची बारीक खरखर ऐकू येत होती.

अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की हे पारायण आहे. एरवी आम्ही मागू तेवढंच तिनं वाचायचं, आणि आम्ही मागणार काय, तर गेल्या महिन्यातले चार फोटो किंवा पॅनकार्डाची प्रत. आज पहिल्यांदाच ती पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत सगळं वाचत होती. अंगठा रंगात पडण्याआधीचा आणि पडल्यानंतरचा, दोन्ही. वडिलांनी निवृत्तीनंतर एकेक करून स्कॅन केलेली, ‘महत्त्वाचे’ या नावाखाली ठेवलेली जुनी वीजबिलं. मोदक. रिकाम्या जागासुद्धा ती सोडत नाही, तिथेही काही नाही हे इमानेइतबारे सांगून पुढे जाते. आमच्या घरातल्या एकाही माणसानं हा ग्रंथ आजवर पुरता वाचलेला नाही. ज्यांच्यासाठी एवढा साठवला ती मुलंही वाचतील असं वाटत नाही. जिनं वाचला, तिला त्यातलं अक्षर कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती निवृत्त झाली. सकाळी आईला पारायणाचं सांगितलं, तर ‘‘मधे उठायचं नसतं,’’ एवढंच ती म्हणाली. वीज गेली नव्हती ना, असं तिला विचारायचं होतं.

दुसरीही बदलली, जागा वाढवून झाली. पडद्यावर ८ ऐवजी ७.२७ दिसले. मापात पाप नव्हे. कारखानदार हजारानं मोजतो, संगणक १०२४ नं, आणि टीबीपर्यंत पोचेतो फरक ठळक होतो. आईला सांगितलं, ‘‘झाला गं डबा.’’

‘‘रिकामा झाला?’’

‘‘मोठा झाला.’’

ती आत गेली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. आत मामाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, फितीवर पांढुरकी बुरशी. ‘‘मग हेही घाल की त्यात.’’ आता व्हीसीआर कोणाकडे आहे? चौकशी करता करता कल्याणचा एक जण सापडला, फिती पुसून, उतरवून देणारा. फोनवर त्यानं बुरशीचा रंग विचारला, कॅसेट कुठल्या साली भरली ते विचारलं, आणि म्हणाला, ‘‘आणून ठेवा. पण वाट बघावी लागेल, तुमच्याआधी बरीच लग्नं आहेत.’’