फ्रान्सिसबाबांची ॲडमिशन

आमच्या शहरात रिक्षात बसून नुसतं 'एसएफएस' म्हटलं की रिक्षा जालना रोडला लागते. सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे शाळेचं आख्खं नाव ऐकायला रिक्षावाल्याला वेळ नाही आणि घ्यायची पालकांना सवय नाही. त्या नावातला संत कोण, कुठला, करत काय होता, हे विचारायचं ॲडमिशन मिळेपर्यंत भान नसतं आणि ॲडमिशन मिळाली की गरज नसते. पोरगं नर्सरीत चिकटावं म्हणून खडकेश्वराला अभिषेक होतो, वरद गणेशाला एकवीस चतुर्थ्या होतात, पण ज्याच्या नावानं शाळा आहे त्याला साधी अगरबत्तीसुद्धा कुणी लावत नाही.

आमच्या घरी हा संत आला तो पुतण्याच्या दप्तरातून. २४ जानेवारी हा फ्रान्सिसचा सण, आणि त्या निमित्तानं आठवीतल्या आमच्या चिरंजीवांना पाच मिनिटं इंग्रजीतून बोलायचं होतं. दादानं काम माझ्याकडे ढकललं. दादा वाळूजला एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूत त्याला खोट दिसते.

"तू लिहितोस ना पेपरात? मग दे लिहून," तो म्हणाला. "एरवी कुणी वाचत नाही, इथं निदान अख्ख्या शाळेला ऐकावं लागंल."

मी माहिती काढायला बसलो आणि बसल्या जागी हरखलो. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी या फ्रान्सिसला लेखक-पत्रकारांचा पाठीराखा संत म्हणून जाहीर केलेलं. मराठी लेखकाच्या पाठीशी प्रकाशक नसतो, वाचक नसतो, घरचे तर नसतातच. आणि इथं आपल्या माघारी थेट रोमहून नेमणूक होऊन गेलेली. त्याच संताकडे कर्णबधिरांचंही खातं आहे, कारण एका बहिऱ्या माणसाला त्यानं खाणाखुणांनी धर्म शिकवला होता. लेखक आणि बहिरे एकाच खात्यात का, यावर मी फार विचार केला नाही. शाळा सुटायच्या वेळचे जालना रोडवरचे हॉर्न ऐकले की जागेची निवड अचूक वाटते एवढंच.

आईला मी सगळं वाचून दाखवत होतो. फोटोतले टक्कल, लांब दाढी आणि गळ्यातला क्रूस बघून तिनं आधी हात जोडले, मग विचारलं, "हे बाबा नवसाला पावतेत का?"

"लेखकांना पावतात म्हणे."

"मग तू इतक्या वर्षांत कामून गेला नाहीस?"

आता चरित्र ऐका. १५६७ साली आजच्या फ्रान्समधल्या सॅव्हॉय भागात, सरदार घराण्यात जन्म. थोरला मुलगा. बापानं ठरवलेलं की पोरगा वकील होणार. शिक्षणाला पॅरिसला पाठवायचं ठरलं तेव्हा बापाच्या मनात दुसरंच कॉलेज होतं, जिथं त्यांच्याकडच्या सरदारांची पोरं जायची. पोरानं हट्ट करून जेझुइट पाद्र्यांचं क्लेर्मों कॉलेज घेतलं. म्हणजे 'देवगिरी का एसबी' हा दहावीच्या निकालानंतर घराघरात होणारा वाद सोळाव्या शतकातही होताच, फक्त कटऑफची यादी लागत नव्हती. शिवाय बाप म्हणाला म्हणून घोडेस्वारी, तलवारबाजी आणि नाच, हे तीन क्लासही लावलेले. तिथून इटलीत पादुआला जाऊन पंचविशीच्या सुमारास कायद्याची डॉक्टरेट.

इथपर्यंत दादा चहा प्यायचा थांबून ऐकत होता. "बघ," तो पुतण्याला म्हणाला, "बघ जरा. याला म्हणतात तयारी."

पुढं मी वाचलं. पदवी घेऊन पोरगा घरी आला. बापानं सिनेटमध्ये नोकरीची सोय लावून ठेवलेली, एक चांगल्या घरची मुलगीही बघून ठेवलेली. आणि पोरगा म्हणाला, मला यातलं काही नको, मी पाद्री होणार. १५९३ साली झालासुद्धा.

घरात क्षणभर नुसता पंखा ऐकू आला.

"मग त्या पोरीचं काय झालं?" आईनं विचारलं.

चांगलं स्थळ मिळालं असेल म्हणून मी वेळ मारून नेली. दादाचा प्रश्न मात्र पोरीचा नव्हता. "हे एवढं भाषणात लागतंय का?" तो म्हणाला. "पोरं ऐकत असतेत. डॉक्टरेटपर्यंत घे अन् थांब. बाकीचं त्यांना मोठं झाल्यावर कळंल."

मला वाटलं तो थट्टा करतोय. पण त्यानं खरंच लाल पेन आणला. नोकरी आणि मुलगी नाकारल्याची दोन वाक्यं त्यानं खोडली आणि समासात लिहिलं, 'आई-वडिलांच्या आशीर्वादाने पुढे मोठे पद मिळवले.' पुतण्यानं विचारलं, "कोणतं पद?" तेव्हा मला जिनिव्हाचा बिशप म्हणावं लागलं, आणि त्यातून दुसरीच भानगड उभी राहिली. हे जिनिव्हाचे बिशप खरे, पण जिनिव्हा शहर तोवर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात गेलेलं. बिशपांना तिथं राहायची सोय नाही. राहायचे शेजारच्या आनेसी गावात आणि कागदोपत्री मुख्यालय जिनिव्हा. पुतण्याला हे समजावताना मला काहीच कष्ट पडले नाहीत. कन्नड तालुक्यातल्या शाळेवर नेमणूक असलेले, मुख्यालयी राहत असल्याचा दाखला जोडलेले आणि प्रत्यक्षात सिडकोत राहणारे गुरुजी आमच्याच गल्लीत आहेत. फरक एवढाच, की बिशपांनी घरभाडे भत्ता घेतल्याची कुठं नोंद नाही.

हा संत मराठवाड्यात आला कसा, तेही मी दोन ओळींत घातलं होतं. आनेसीच्या भागात १८३८ साली पिएर मर्मिए या पाद्र्यानं फ्रान्सिसच्या नावानं एक संघ काढला, त्या संघाचे फादर १८४५ साली भारतात आले, नागपूरला त्यांनी १८७० मध्ये शाळा काढली. आपला भाग चर्चच्या हिशोबात आधी नागपूरकडे, १९५५ पासून अमरावतीकडे, आणि १९७७ च्या डिसेंबरात औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मराठवाड्याला नागपूरकडून काहीतरी मिळालं आणि त्यासाठी मोर्चा काढावा लागला नाही, हे वाचून दादाला पहिल्यांदाच या धर्माबद्दल आदर वाटला. ती ओळ त्यानं ठेवली. मलिक अंबरानं खडकी, म्हणजे आमचंच शहर, वसवली १६१० साली आणि फ्रान्सिसचं गाजलेलं भक्तीवरचं पुस्तक निघालं १६०९ मध्ये, हीही माझी आवडती ओळ होती. "यावर प्रश्न येणार आहे का?" असं विचारून ती त्यानं काढून टाकली.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो पत्रकांचा. तरुणपणी फ्रान्सिसला शाब्ले नावाच्या डोंगरी भागात धाडलं होतं. तिथं त्याचं प्रवचन ऐकायला कुणी येईना. मग त्यानं आपलं म्हणणं कागदावर लिहिलं, त्याच्या प्रती केल्या आणि लोकांच्या दारांखालून आत सरकवल्या. लेखकांचा संत झाला तो यावरून. मला ही गोष्ट फार सुंदर वाटली होती. पुतण्या म्हणाला, "म्हणजे क्लासवाल्यांसारखं."

त्याचं चुकलं कुठं होतं? दुसऱ्या दिवशी त्याला आणायला गेलो तेव्हा फाटकाबाहेरच्या फुटपाथवर टोप्या घातलेली चार पोरं उभी होती. शाळा सुटली तशी त्यांनी गठ्ठे फोडले. आयाबायांच्या हातात, स्कूटीच्या डिकीत, रिक्षाच्या पडद्याच्या फटीत, दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, मिळेल तिथून पत्रक आत. गुळगुळीत कागद, त्यावर पासपोर्ट साइझचे चाळीस चेहरे, खाली पर्सेंटाइल. मला तीन वेगवेगळ्या क्लासची तीन पत्रकं मिळाली आणि तिन्हींवर दोन वेण्यांची एकच मुलगी होती. तिन्हीकडे तिचं हसू तेच, मार्क तेच, फक्त मागचा रंग निराळा. तिनं एकाच वेळी तीन ठिकाणी शिकून दाखवलं होतं. संत व्हायला चमत्कार लागतो म्हणतात.

यातल्या एका पत्रकावर 'इंटिग्रेटेड' होतं. म्हणजे अकरावीला कुठल्यातरी कॉलेजात नाव टाकायचं, जायचं मात्र क्लासला. कॉलेजला फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं तोंड दाखवायचं. शाळेत दहा वर्षं रांग, बूट-पॉलिश, हाऊस, असेंब्ली, डायरीवर सही असं सगळं करून पोरांना कॉलेजसाठी तयार करायचं, आणि तयार झाली की कॉलेजलाच जायचं नाही! आमच्या वेळी निदान कॉलेजच्या कँटीनला जाण्यासाठी तरी लोक कॉलेजला जायचे.

भाषण शेवटी झालं. पुतण्यानं दादाचा कागद पाठ केला, आजीला म्हणून दाखवला, आणि माइकसमोर उभा राहिल्यावर खोडलेली वाक्यंही म्हणून टाकली. टाळ्या बऱ्याच पडल्या म्हणे. मुलींनी जास्त वाजवल्या, असं तो लाजत म्हणाला. दादाला हे संध्याकाळी कळलं. मला वाटलं आता पेटणार. पण तो बराच वेळ गप्प बसला, मग मोबाइल घेऊन गॅलरीत गेला. आई मला म्हणाली, "बघ जाऊन, चिडलाय का."

मी दाराशी गेलो. दादा त्या दोन वेण्यांच्या मुलीचं पत्रक समोर धरून क्लासवाल्यांशी बोलत होता.

"नाही, नाही, इंजिनिअरिंगचं नको. वकिलीचं विचारायलो मी. त्याची फाउंडेशन बॅच कितवीपासून असते?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. दादानं कपाळाला हात लावला. "सहावीपासून? अहो, मग आमचे दोन वर्षं वायाच गेले की!"