कुठले आजोबा?

'मामा' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरतात हे मला ठाऊक होतं. दोन्ही अर्थ एकाच एप्रिलमध्ये मला लागू होतील, एवढं मात्र वाटलं नव्हतं.

ठाण्याहून बहिणीचा फोन आला. "हिची बारावी झाली, आता सीईटी. रीझनिंगला अडतंय म्हणते. तू बँकेची परीक्षा दिली होतीस ना रे?"

दिली होती? मी ती पास झालो होतो! १९९१ साली, पहिल्या फटक्यात. आणि तेव्हापासून हे कुणीतरी विचारावं म्हणून मी दबा धरून बसलो होतो. घरात हा विषय निघाला की बायकोला दूध उतू जात असल्याचा भास होतो आणि मुलगा कानात बोंडं घालतो. इथे तर सख्खी बहीण आपणहून विचारत होती. "पाठवून दे कऱ्हाडला," मी म्हणालो, "क्लासवर एक पैसा घालवू नकोस." क्लासची फी किती होती ते तिने नंतर सांगितलं. भाचीच्या येण्याजाण्याचं तिकीटसुद्धा मीच काढलं होतं, हे त्या वेळी आठवलं.

सीईटीचं रामायण घरोघर चालू असतं, त्यामुळे फार सांगत नाही. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४ साली एआयसीटीईच्या छत्राखाली गेले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा सुरू केली. भाचीची सीईटी ती हीच. तोवर बारावीच्या मार्कांवर काम भागत होतं. पहिल्या वर्षी जागांच्या मानाने एवढी कमी मुलं बसली की परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदललं. लग्नात मुलीचं बदलतात तसं. मुलगी तीच, कुंकू नवं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, ही या परीक्षेतली एकमेव माणुसकी. आणि शेवटी मिळतं ते पर्सेंटाइल, म्हणजे तुम्हाला किती आलं हे नव्हे, तुमच्या मागे किती जण राहिले ते. ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांना समजावून सांगण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. त्यांच्या पुतण्याला नव्वद पर्सेंटाइल होते आणि ते नव्वद टक्क्यांचे पेढे वाटून मोकळे झाले होते.

पहिल्याच दिवशी भाचीने विचारलं, "मामा, चोवीस तासांत घड्याळाचे काटे एकमेकांवर किती वेळा येतात?"

"चोवीस," मी म्हणालो. असल्या प्रश्नाला कागद लागत नाही, हे तिला दिसावं म्हणून मी त्याच वेळी चहाचा कपही उचलला.

"बावीस."

"पुस्तकात चूक असेल."

"अरे, अकरा ते एक या दोन तासांत ते एकदाच भेटतात. बाराला."

माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, मागची चकती फिरवत बारा तासांचा एक फेरा पूर्ण केला आणि काट्यांच्या भेटी मोजल्या. अकरा. दुसऱ्या फेऱ्यात तरी सुधारतील म्हणून पुन्हा फिरवले. पुन्हा अकरा. घड्याळ परत भिंतीवर गेलं ते सात मिनिटं मागे लागून, आणि त्या संध्याकाळी आईची मालिका हुकली. मालिकेत तिसऱ्यांदा मेलेला माणूस परत येणार होता, तो आईविनाच आला.

त्याच रागात आई दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात येऊन बसली असावी. मांडीवर सूप, सुपात वर्षाचे गहू. त्या दिवशी नात्यांचे प्रश्न होते. क्लासवाले यासाठी एक युक्ती शिकवतात: पुरुषापुढे अधिकचं चिन्ह, बाईपुढे वजाचं, आणि वंशवृक्ष काढत जायचा. मी ते फळ्यावर (म्हणजे कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर) समजावत होतो.

"बाया वजा?" आईने विचारलं.

"खूण असते ती, आई."

"कुणी ठरवली?"

याचं उत्तर मी १९९१ सालीही शिकलो नव्हतो. मी पुढचा प्रश्न वाचला. आणि इथून पुढे माझी मास्तरकी संपली.

मी प्रश्न वाचून पूर्ण करण्याआधी सुपातून उत्तर यायचं. 'क ही ख ची आई, ख चं लग्न ग शी झालं, ग च्या वडिलांचं क शी नातं काय?' खडा बाजूला टाकत आई म्हणायची, "व्याही." आम्ही दोघं अजून अधिक-वजा काढत असायचो. सहा जण गोल टेबलाभोवती बसलेत आणि च हा छ च्या शेजारी बसत नाही, असा प्रश्न आला तेव्हा तिने "का? काय झालं त्यांच्यात?" एवढंच विचारलं. साठ वर्षं लग्नांच्या पंगती बसवलेल्या बाईला ही माहिती लागतेच. त्याशिवाय पान मांडता येत नाही.

मग माझ्या लक्षात आलं की हे प्रश्न मुळात अवघड नाहीतच, ते इंग्रजीत आहेत एवढंच. इंग्रजीत अंकल म्हटलं की पोरांनी डोकं खाजवायचं: हा काका, मामा, आत्याचे यजमान की मावशीचे? मराठीत प्रश्न लिहायला घेतला की उत्तर आपोआप बाहेर सांडतं. मामेभाऊ म्हणताच आई, तिचा भाऊ आणि त्याचा मुलगा हा सगळा रस्ता एका शब्दात चालून होतो. दीर, मेहुणा आणि साडू या तीन निरनिराळ्या प्राण्यांना तिकडे ब्रदर-इन-लॉ नावाच्या एकाच पिंजऱ्यात कोंडलंय. दिराशी वागायची रीत वेगळी, मेहुण्याची चेष्टा करायची मुभा वेगळी, आणि साडू तर साडूच! ज्यांचं एकमेकांशी रक्ताचं काही नाही, फक्त सासुरवाडी एक आणि तक्रारी समान, अशा दोन पुरुषांसाठी ज्या भाषेने दोन अक्षरांचा शब्द राखून ठेवला, तिची मुलं नात्यांच्या प्रश्नांत मार्क घालवतात? मी स्वतः दोन साडूंचा साडू आहे. एकाने माझ्याकडून घेतलेली शिडी दिलेली नाही. पण ते राहू दे.

तर दुपारी चारच्या सुमाराला तो प्रश्न आला. सराव पुस्तकातला. एका मुलीकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणतं, 'हिच्या भावाचे वडील हे माझ्या आजोबांचे एकुलते एक चिरंजीव.' ती मुलगी बोलणाऱ्याची कोण?

"बहीण," मी आणि भाची एकदम म्हणालो. पुस्तकातही तेच होतं. आजोबांचा एकुलता मुलगा म्हणजे आपले वडील. सोपं होतं. मी आईकडे पाहिलं, जरा विजयाने.

ती गहू निवडत राहिली. मग म्हणाली, "कुठले आजोबा?"

"म्हणजे?"

"आईकडचे की वडिलांकडचे? आईकडचे असले तर त्यांचा एकुलता मुलगा म्हणजे मामा. मग ती मामेबहीण."

आम्ही गप्प. पर्यायांत 'कझिन' होतं. क्रमांक तीन.

भाचीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. तिच्या आईकडचे आजोबा म्हणजे माझे वडील, आणि त्यांचा एकुलता एक चिरंजीव म्हणजे मी! स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात माझा उल्लेख होता आणि उत्तरसूचीने तो कापला होता. पुस्तकाच्या हिशेबाने आजोबा म्हणजे वडिलांचे वडील, दुसरे नसतातच. ज्याने कुणी हा प्रश्न काढला त्याला आजोळ नसावं.

हसून झालं, पण मला ते लागलं खरं. समोर सतरा वर्षांची मुलगी आजोळी आली होती, दोन वर्षांनी. मधल्या दोन सुट्ट्या क्लासने खाल्ल्या. अकरावीत कॉलेजचं तोंड तिने प्रवेशापुरतं पाहिलं, बाकी दिवस एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे खिडक्यांना काळा कागद लावला होता. ती इथे आल्यापासून मळ्यात गेली नव्हती, नदीवर गेली नव्हती. मोबाइलवर वेळ लावून मॉक टेस्ट सोडवत होती, आणि ती वेळ लावून द्यायला मी होतो. आणि पलीकडे आई. सातवी फायनल. त्या काळी तेवढ्यावर प्राथमिक शाळेत मास्तरीण होता यायचं. तिला नोकरीऐवजी स्थळ आलं. मी बँकेत लागल्याचं तीस वर्षं सांगत फिरतोय. आई कितव्या नंबराने पास झाली होती हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. भाचीने त्या दुपारी विचारलं.

"पहिली," आई म्हणाली. "केंद्रात."

मी चहा टाकायला उठलो. मग रोजच उठत गेलो. वर्ग आईचा, चहा माझा.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. माझ्याच मोबाइलवर, पण आजीला दे म्हणाली. मी आवाज मोठा करून ठेवला.

"आजी, आजोबा आले होते पेपरात!"

"कुठले?"

"ते लिहिलंच नव्हतं गं."

"मग काय केलंस?"

"वडिलांकडचे धरले. मार्क हवे होते."

आई क्षणभर थांबली. भिंतीवरचं घड्याळ अजून सात मिनिटं मागेच होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता ये. आढी लावलीय."