संकासुर अडाकलो

मुंबईत जे जुनं होतं ते कोकणात येतं. सोफा, मिक्सर, टोल चुकवणारं घड्याळ, पाठीला पोक असलेला टीव्ही. भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ठेवायला जागा नसते. मग ती वस्तू कोकण रेल्वेने कुडाळला उतरते आणि रिक्षाने गावाला जाते. पिंगुळीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या ओटीवर याच वाटेने एक कॉम्प्युटर आला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, विंडोज 7 आणि सतरा इंची चौकोनी मॉनिटर. गणपतीला आलेल्या पुतण्याने तो मांडला, यूट्यूब उघडून दाखवलं आणि विसर्जनानंतर तो मुंबईला निघून गेला.

गुरुजींच्या अपेक्षा माफक होत्या. दशावतार दिसला म्हणजे झालं. जत्रेतलं नाटक रात्रभर चालतं, गुडघे रात्रभर चालत नाहीत.

पहिल्याच दिवशी नाटकाच्या व्हिडिओत काळ्या वेशातला संकासुर आला, मालवणीत एक टोला हाणला आणि हात वर असतानाच थिजला. आवाज मात्र चालूच होता. पखवाज, झांज, हार्मोनियम, लोकांचा हशा, कशात खंड नाही. चार वाक्यं बोलून झाल्यावर संकासुर एकदम दुसऱ्या कोपऱ्यात उगवला. काकी माजघरातून बाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, "संकासुर अडाकलो वाटता."

गुरुजींना मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दुसऱ्या गावात वाटलं असतं, पण ही पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी पिढ्यान् पिढ्या जपली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावर रंगवलेली चित्रं क्रमाने लावून ठेवायची, त्या संचाला पोथी म्हणायचं. एकेक चित्र प्रेक्षकांपुढे उभं धरायचं आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीने कथा गात सांगायची. कथेकऱ्याच्या मनाला येईल तोवर चित्र जागचं हलत नाही. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला. अलीकडच्या काळात परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीतल्याच गुढीपूरला आपल्या गोठ्यातच या चित्रांचं आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आवाज चालू आणि चित्र स्थिर, याला जिथे सरकारदरबारी मान मिळतो, तिथे कॉम्प्युटरनेही तेच केलं तर तक्रार कोण करणार? गुरुजींनी नाटकाचा सगळा पूर्वरंग त्याच भक्तिभावाने पाहिला.

अडलं ते त्यापुढच्या आख्यानात. देव आणि राक्षस समोरासमोर आले, तलवारी उपसल्या गेल्या, पखवाजाने लय वाढवली. पुढचं चित्र आलं तेव्हा राक्षस मरून पडला होता. कसा मेला ते गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. "पावसात नेटाक रेंज नाय," हे पहिलं निदान. "फॉरमॅट मारा, मगे बघा," हे दुसरं; आपल्याकडे कॉम्प्युटरला सर्दी झाली तरी फॉरमॅट मारतात. तिसरा उपाय गुरुजींनी स्वतःच शोधला होता. माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि 'रिफ्रेश' म्हणायचं, तेही जप केल्यासारखं. त्याने पडद्यावरची चिन्हं पुन्हा रेखाटली जातात, यापलीकडे काही होत नाही. पण देशातले कितीतरी कॉम्प्युटर या रिफ्रेशवरच चालतात अशी वापरणाऱ्यांची श्रद्धा आहे.

शेवटी कुडाळहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा आला. त्याने खुर्चीवर बसून अर्धा कप चहा होईतो नाटक पाहिलं. "गुरुजी, नेट झक्कास आसा. नेट गेला तर आवाज पण जाता, गोल चकली फिरता. तुमचो आवाज चालू आसा आणि चित्र थांबता. म्हणजे मशीन दमता."

दमण्याचं कारण त्याने यूट्यूबमध्येच दाखवलं. व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडलं की एक काळी चौकट उघडते. किती चित्रं गळली ते तिथे आकड्यात दिसतं आणि व्हिडिओ कोणत्या पद्धतीने आकसून पाठवला आहे तेही कळतं. सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं लागतात, पण ती सगळी पूर्ण पाठवत नाहीत. बहुतेक वेळा आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवतात. दशावतारात मागे एक पडदा आणि पुढे एक बाक. राजा बाकावर बसून संवाद म्हणत असेल तर ओठ आणि हात तेवढे हलतात, पडदा पुन्हा पाठवायची गरज पडत नाही. युद्ध सुरू झालं की मुकुटापासून पैंजणापर्यंत सगळंच हलतं आणि प्रोसेसरला घाम फुटतो. राक्षस गुपचूप मरत होता तो यामुळे.

व्हिडिओ आकसण्याच्या पद्धतीही बदलत गेल्या. एच.264 ही 2003 सालची. गूगलची व्हीपी9 आली 2013 साली आणि एव्ही1 आली 2018 साली. नव्या पद्धती कमी डेटात तेवढंच चांगलं चित्र देतात, पण ते चित्र पुन्हा उभं करायला गणित जास्त करावं लागतं. नव्या मशीनमध्ये त्यासाठी ग्राफिक्स चिपवर वेगळी सोय असते. कोअर टू ड्युओ 2006 साली बाजारात आला, व्हीपी9 चा जन्मही तेव्हा झाला नव्हता. त्यामुळे सगळं गणित त्या बिचाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर. यूट्यूब तोच व्हिडिओ एच.264 मध्येही ठेवतं, फक्त तो मागून घ्यावा लागतो. पोराने फायरफॉक्सची 115 ही विंडोज 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती टाकली आणि तिला 'एच264इफाय' हे छोटं एक्स्टेंशन जोडलं. हे एक्स्टेंशन यूट्यूबला सांगतं की इथे जुनंच चालतं.

"1080 कोणी लावलेला?" त्याने विचारलं. पुतण्याने लावलं होतं, काकांना चांगलं दिसावं म्हणून. 1080 च्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांवर ठिपके. गुरुजींचा मॉनिटर 1280 गुणिले 1024 चा. एवढे ठिपके मोजूनमापून काढायचे आणि पडद्यावर मावत नाहीत म्हणून निम्म्याहून जास्त टाकून द्यायचे, असा तो उद्योग चालला होता. 720 चं चित्र बरोबर 1280 रुंद असतं. 480 वर तर ठिपके चार लाखांच्या घरात येतात, आणि सेकंदाला साठ चित्रांचा व्हिडिओ असला तरी यूट्यूब तो तिथे तीसवर आणतं. संकासुराचा काळा वेश 480 मध्येही तितकाच काळा दिसतो.

मग त्याने कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या पात्यांवर तांबड्या मातीचा थर, जाळीत दसऱ्याच्या हारातल्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, कोपऱ्यात पालीचं अंडं. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडखडीत झालेली. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग आपणच उतरवतो. भरीला काकींनी दमट हवा लागू नये म्हणून हाताने विणलेलं कव्हर चालत्या मशीनवर घातलेलं. कव्हर उतरलं, नवी पेस्ट लागली, ब्रशने पंखा मोकळा झाला. अंडं काकींनी केरसुणीवर घेऊन परसात नेऊन ठेवलं.

नाटक पुन्हा लावलं. युद्धातली प्रत्येक गिरकी दिसली, राक्षस रीतसर मेला आणि काळ्या चौकटीतला गळलेल्या चित्रांचा आकडा जागचा हलेना. जाता जाता पोराने बजावलं, की विंडोज 7 ला सुरक्षेचे अपडेट मिळणं 14 जानेवारी 2020 ला थांबलंय. या मशीनवर नाटक बघा, बँकेचं काम करू नका, पैसे चोरीला जातील.

"बँकेत आसा काय चोरूक?" काकी म्हणाल्या. "पेन्शन येता तशी जाता."