ट्रेडर? कांद्याचा का?

पुतण्या बी. ई. झाला आणि आता त्याला ट्रेडर व्हायचंय. प्रश्न एवढाच, की आधी फायनान्समध्ये एमबीए करावं की मोबाइल उघडून थेट ऑप्शनमध्ये उडी घ्यावी. गंगापूर रोडला दादाच्या घरी यावर बैठक बसली. वहिनींचा कौल एमबीएला. मुलगा नुसता ‘ट्रेडर’ आहे म्हटलं की नाशकात पुढचा प्रश्न येतो, “कांद्याचा का?” आणि हो म्हटलं तर स्थळ जास्तच वजनदार ठरतं.

ठरायलाच हवं. लासलगावचा लिलाव पाहा. ट्रॉलीपाशी व्यापारी येतो, ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून तळचा कांदा काढतो, अंगठ्याने त्याची मान दाबतो आणि क्विंटलचा भाव पुकारतो. सौदा पक्का, ट्रॉली पुढे. दिल्लीचा एक कागद भाव कसा झोपवतो, हा धडा तर डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीने सगळ्यांना बिनफीचा शिकवला.

“काका, मग अमेरिकेत कांद्याचं फ्युचर करतो!” पुतण्या म्हणाला. तिथे नेमकी कांद्याच्याच वायद्यावर १९५८पासून कायद्याने बंदी आहे. त्याआधी शिकागोत दोघा बहाद्दरांनी भाव असा पाडला होता, की कांद्यापेक्षा गोणी महाग.

शिक्षणाचं म्हणाल, तर मर्टन आणि शोल्स यांना १९९७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते भागीदार असलेला फंड १९९८मध्ये बुडाला. हे मी वहिनींना सांगितलं नाही.

मग दादाने ‘सेबी’चा सप्टेंबर २०२४चा अहवाल काढला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. आमच्याकडे एरवी ९३ टक्क्यांना पेढे वाटतात. गंमत म्हणजे ब्रोकरकडे बसून दुसऱ्याचे सौदे टाकायला एनआयएसएम या संस्थेची परीक्षा पास करावी लागते. स्वतःचे पैसे घालवायला आधार, पॅन आणि बँकेचं स्टेटमेंट पुरतं.

बँकेच्या ट्रेझरीत किंवा फंडात बसून दुसऱ्यांच्या पैशाने सौदे करायचे असतील, तर एमबीए जरूर करावं. तिथे तशा पदवीवाचून सहसा मुलाखतीलाही बोलावत नाहीत. स्वतःच्या पैशाने करायचं, तर बाजार मार्कशीट मागत नाही. पण पोरगा दोन वर्षं वर्गात बसला, तर तेवढा काळ दादाचा पीएफ शाबूत राहील. तेवढ्यासाठी मी वहिनींच्या बाजूने मत दिलं.