गल्ला, मेव्हणा आणि द्विनोंदी पद्धत

लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाने ‘श्री’ काढायचा आणि मग वर्षभर तिला हात लावायचा नाही, ही छोट्या धंद्याची जुनी रीत. आता दुकानदार रात्री शटर ओढून मोबाइलवर द्विनोंदी पद्धत शिकतात. लुका पाचोली या इटालियन भिक्षूने ती 1494 साली व्हेनिसमध्ये छापून ठेवली. आपल्याला ती मार्चअखेरीस आठवते.

‘घेणारा नावे, देणारा जमा’ हे लगेच पाठ होतं. घोडं अडतं ते गल्ल्यापाशी. सकाळी त्यातून दूधवाल्याचं बिल, दुपारी पोराच्या क्लासची फी, संध्याकाळी मेव्हण्याला ‘दोन दिवसांसाठी’ पाच हजार. सगळं जातं ‘किरकोळ खर्च’ खात्यात. खरं तर ही मालकाची उचल. ती भांडवलातून वजा व्हायची, नफा-तोटा पत्रकाशी तिचा संबंध नाही. पण स्वतःच्या नावावर उचल टाकताना मालकाचा हात कचरतो. नोकराने चहाला घेतलेले दहा रुपये मात्र तारखेसकट लिहिलेले असतात!

शिवाय गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटीही आपलीच कमाई, असा बऱ्याच जणांचा गोड समज असतो. विवरणपत्राच्या तारखेला तो उतरतो.

तेव्हा शेठ, पुढचा व्हिडिओ राहू द्या. आधी आजची रोजकीर्द लिहा, मेव्हण्यासकट.