नागपूरला न्या जी, वॉरंटीत आहे

केशोरीच्या बाजारात मिरची घेणारा माणूस आधी मूठभर मिरच्या उचलतो, देठ बघतो, एखादी मोडून नाकाशी नेतो. ठसका लागला की मगच भावाचं बोलतो. हाच माणूस संगणक घ्यायला गोंदियाला गेला की खोक्यावरचं चित्र बघून पैसे मोजतो. संगणकाचा देठ कुठे असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

समजा, गावातल्या सेवा केंद्रवाल्या भाऊंनी नवाकोरा संगणक आणला. दिवस धान खरेदीच्या नोंदणीचे. दारात सातबारा, आधार कार्ड, पासबुक घेऊन रांग लागलेली आणि आत स्क्रीन निळा. बंद करून चालू केला, पुन्हा निळा. रांगेतून सल्ला येतो, ‘‘उन्हात ठेवून पाहा जी, थंडीनं गारठला असन.’’ दुकानदार म्हणतो, कंपनीला फोन करा. कंपनीतली मुलगी गोड आवाजात विचारते, ‘‘सर, रिस्टार्ट करून पाहिलंत का?’’ मग कळतं की वॉरंटी ‘कॅरी इन’ आहे. म्हणजे खराब माल त्यांनी द्यायचा आणि उचलून नागपूरला भाऊंनी न्यायचा. कार्डावर ‘ऑनसाइट’ असतं तर माणूस घरी आला असता. पण घेताना तो शब्द वाचतो कोण?

भाऊ बिल घेऊन दुकानात जातात. बिलाच्या तळाशी छापलेलं असतं : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ हे वाक्य लोक देववाणीसारखं मानतात. खरं तर बिलावर असं छापणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं केंद्र सरकारने 1999 मध्येच राज्यांना कळवलं होतं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा त्याच्याही पुढे गेला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा ठरली. छपाईवाल्यांपर्यंत हे अजून पोचलेलं दिसत नाही.

मग दुकानदार ठेवणीतलं अस्त्र काढतो, ‘‘तुम्ही तर धंद्यासाठी घेतला. तुम्ही ग्राहकच नाही.’’ इथे भाऊंनी घाबरू नये. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ सोडवली आहे. त्या कारखान्याचं यंत्र व्यापारी कामासाठीचं ठरलं आणि कारखाना हरला. पण त्याच निकालात न्यायालयाने टंकलेखन यंत्राचं उदाहरण दिलं : पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची कागदपत्रं स्वतः टंकित करणारा माणूस ग्राहकच असतो. टाइपरायटरच्या जागी संगणक ठेवला की भाऊंचा फोटो तयार.

अशी टोलवाटोलवी फक्त आपल्याकडेच चालते असंही नाही. 1994 मध्ये इंटेलची पेंटियम चिप काही भागाकार चुकवते, हे थॉमस नाइसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकाने दाखवून दिलं. कंपनीचं उत्तर होतं की सामान्य माणसाला ही चूक 27,000 वर्षांतून एकदा भेटेल. एवढी वॉरंटी कुणाच्याच कार्डावर नव्हती. शेवटी त्या डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली आणि कंपनीने त्यापायी 47.5 कोटी डॉलर बाजूला काढले.

2019 च्या कायद्यातली केशोरीकराला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट 20 जुलै 2020 पासून लागू आहे. पूर्वी तक्रार साधारणपणे विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार झाला तिथे करावी लागे. आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. संगणक नागपूरचा असो की ऑनलाइन मागवलेला, जिल्हा ग्राहक आयोग गोंदियाचा. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही जाते. सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. त्यासाठी चालू स्थितीतला संगणक लागतो, हा विनोद कायद्याने मुद्दाम केलेला नसावा. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात मात्र तारखांचा भरवसा नाही.

आयोग दोष काढून द्यायला, नवा संगणक द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. पण तिथे रडगाणं चालत नाही, कागद चालतो. आणि कागदांतला राजा म्हणजे जॉबशीट. सर्व्हिस सेंटरवाला पोरगा ‘चेक्ड ओके’ एवढं खरडून सही मागतो. तिथेच पेन अडवावा. कोणती तक्रार होती, कधी जमा केला, काय बदललं, परत कधी दिला, हे सगळं त्याच्याकडून लिहून घ्यावं आणि आपली प्रत घडी करून बिलासोबत ठेवावी. निळ्या स्क्रीनचाही मोबाइलवर फोटो काढावा, कारण नागपूरला पोचला की हा बिलंदर हमखास सुरू होतो.

कोर्टाची पायरी चढण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवावा. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगाकडे जायला दोन वर्षं मिळतात. तोवर खोकं आणि थर्माकोल पोरांच्या प्रकल्पाला देऊ नका.